बोट सांभाळा

मित्रांनो, शाळेच्या बसमधून जाताना वळणावरच्या कुंपणात अर्धा घुसलेला, गंज चढलेला जो निळा डबा तुम्हाला दिसतो, तो मी. मी एक जुना, अंडी विकणारा डबा आहे. कागदोपत्री माझे नाव 'स्वयंचलित विक्रीयंत्र' असे भारदस्त आहे, पण त्या नावाने मला कोणी कधी हाक मारली नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे आम्ही भावंडे रांगेत उभी असायचो. पुढे सगळ्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. दुरुस्तीवाला आला की त्यांची खबर आणायचा. एक भाऊ इस्पितळाच्या दारात फुलांचे गुच्छ विकतो. एक स्टेशनवर छत्र्या विकतो, आणि ऊन पडले की त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. एकाच्या पोटात मासे पकडायची जिवंत गांडुळे असतात. त्याला दिवसभर गुदगुल्या होत असणार. सगळ्यात धाकट्याला तर आवाज दिला आहे. नाणे टाकले की तो 'धन्यवाद, पुन्हा या' म्हणतो. आम्ही त्याला पोपट म्हणून चिडवायचो. मला आवाज दिला नाही याचे तेव्हा काहीच वाटले नव्हते. अंडी देताना बोलायचे काय असते?

मला विकत घेतले ते काका आणि काकूंनी. गिऱ्हाइके त्यांना तसेच म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या अंगणात कोंबड्या होत्या आणि लोक नेमके जेवणाच्या वेळी अंडी मागायला दार वाजवायचे. काकू भरल्या ताटावरून उठायच्या. म्हणून काकांनी मला कुंपणात बसवले. माझे तोंड रस्त्याकडे आणि पाठ अंगणाकडे. तोंडावर छोट्या खिडक्यांची रांग. नाणे टाकून मूठ फिरवली की एक खिडकी उघडते. पाठीला एकच मोठे दार. ते वर उचलून हुकाला अडकवायचे आणि मागून सगळे कप्पे भरायचे.

पहिल्याच दिवशी तो हुक नीट बसला नाही. दार धाडकन खाली आले आणि काकांचा अंगठा सापडला. काकूंनी रुमाल भिजवून बांधला आणि रागावून घेतले. "एवढी कसली घाई होती? कुठे पळून जाणार होता का तो डबा?" काकांचे नख पुढे वाकडेच आले. तेव्हापासून रोज सकाळी काका माझे दार उचलू लागले की स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज यायचा.

"अहो, बोट सांभाळा!"

"सांभाळलंय गं. किती वेळा सांगशील?"

ते माझे सुखाचे दिवस होते. काकूंनी प्रत्येक कोंबडीला नाव ठेवले होते आणि अंड्यांच्या खोक्यावर त्या ते नाव लिहायच्या. 'आज आळशीने दिली.' 'भांडखोर बाईकडून.' शाळेच्या बसचे चालक मला विचारायचे, "काय, आज आळशी उठली का?" दवाखान्यातल्या नर्सबाई तर भांडखोरच्याच अंड्यांसाठी हटून बसायच्या. माझे खूप कौतुक व्हायचे आणि मी फुगून जायचो.

मग काकूंचे काहीतरी बिघडू लागले. आधी खोक्यांवरची नावे चुकली. नंतर कप्प्यांत अंड्यांऐवजी भलतेच येऊ लागले. एका कप्प्यात कांदे, एकात लोकरीचा मोजा. एकदा बसचालकांना काकांचा चष्माच मिळाला. जगातल्या कुठल्याही भावाने विकल्या नसतील अशा वस्तू मी त्या दिवसांत विकल्या. पण लोक भले होते. कोणी तक्रार केली नाही. ते वस्तू गुपचूप घराच्या पायरीवर ठेवून जायचे.

एके दिवशी काकूंनी माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या काकांना विचारले, "काका, तुम्ही कोणाकडे आलात?"

काका आधी हसले. त्यांना वाटले, थट्टा चालली आहे. मग त्यांनी माझ्यावर हात टेकला.

त्यानंतर त्या त्यांना काकाच म्हणू लागल्या. त्यांची मुलगी आली. आईला आपल्याकडे नेते म्हणाली. "बाबा, तुम्हाला एकट्याला झेपणार आहे का हे?"

"नेशील गं," काका म्हणाले. "एकदा मला 'अहो' म्हणू दे तिला. मग ने."

त्यांना एवढेच हवे होते.

काकू आता रस्त्याच्या बाजूने माझ्याकडे यायच्या, गिऱ्हाईक होऊन. काका त्यांच्या स्वेटरच्या खिशात नाणे ठेवून द्यायचे. एकदा बसचालकांनी विचारले, "काकू, घरच्या कोंबड्या असताना अंडी विकत घेताय?"

"त्या काकांसाठी हो," काकू हळूच म्हणाल्या. "एकटेच असतात बिचारे. त्यांना कोणी जेवायला विचारतं की नाही, कोण जाणे."

काका मागे अंडी भरत होते. त्यांनी ऐकले. हातातले खोके त्यांनी बराच वेळ खाली ठेवलेच नाही.

एका सकाळी दोघे एकाच वेळी माझ्याजवळ होते. काका मागून खालचा कप्पा भरत होते आणि काकूंनी पुढून नेमकी तीच खिडकी उघडली. खिडकी वीतभरच. त्यातून माणूस दिसत नाही. काकूंना दिसला फक्त एक हात आणि वाकड्या नखाचा अंगठा. त्या वाकल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली, ती जुनी, रागावण्याची.

"अहो," त्या म्हणाल्या, "बोट सांभाळा. दार पडेल."

काकांच्या हातून खोके पडले. अंडी माझ्या पोटात फुटली. त्यांनी तो हात आणखी आत घातला आणि काकूंनी तो धरला. मग काका धावत कुंपणाला वळसा घालून पुढे आले, पण त्यांचा चेहरा पाहून काकू दचकल्या आणि म्हणाल्या, "काका, काय झालं? रडताय का?"

मुलीला दिलेला शब्द काकांनी पाळला नाही, काकूंना जाऊ दिले नाही. ते रोज मागे उभे राहून कप्प्यातून हात पुढे करायचे. काकू खिडकी उघडायच्या, खोके घ्यायच्या आणि त्या हाताला नम्रपणे म्हणायच्या, "आभारी आहे हं." पुन्हा 'अहो' काही आले नाही. थंडी सरता सरता काकू कायमच्या गेल्या.

कोंबड्या नर्सबाईंनी नेल्या. मी रिकामा झालो. भंगारवाला येऊन गेला.

"काका, यात आता काय उरलंय?"

"असू दे," काका म्हणाले.

मित्रांनो, घरात कोणी तुम्हाला रोज तेच तेच सांगत असेल, सांभाळून जा, स्वेटर घाल, तर वैतागू नका. ज्याला ते सांगणारे कोणी उरले नाही, असा माणूस मी रोज पाहतो.

काका अजूनही सकाळी येतात. भरायला काही नसते. ते माझे दार उचलतात, पण हुकाला लावत नाहीत. नुसते हातावर तोलून धरतात, अंगठा चौकटीवर ठेवतात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहत राहतात. धाकट्याचा आवाज आज मला हवा होता. त्यात तेवढे एकच वाक्य असते तरी पुरले असते. मला बोलता येत नाही. म्हणून मी माझ्या गंजलेल्या बिजागऱ्या असेल नसेल तेवढ्या जोराने आवळून धरतो, आणि दार पडू देत नाही.