नऊ नावांचा अंगठा

दिवाळी सरली की वाडीत माणसांपेक्षा कुलपं जास्त. यंदा तर पाऊसच फिरकला नाही, तेव्हा दरसाल मागं राहणारी चार-दोन घरंही कोयते घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागली. चारा संपला, दूध सोसायटीला टाळं लागलं, आणि सोसायटीच्या ओट्यावर किल्ल्यांचं जुडगं कमरेला खोचून बसायला उरली एकटी कडूबाई. गुडघे गेले म्हणून ऊसतोडीतून सुटलेली. सगळ्या घरांच्या किल्ल्या तिच्याकडं, शेरडं तिच्याकडं, आणि बंकटच्या कृपेनं वाडीचा अंगठाही तिचाच.

बंकट त्याच वाडीचा. शिरूर कासारच्या एका कुरिअरवाल्याकडं पाच वर्षं पार्सलं पोचवत होता. त्याआधी सहा हंगाम त्यानं बायकोबरोबर, गीताबाईबरोबर, ऊस तोडला होता, आणि पुन्हा कोयता हातात धरणार नाही अशी शपथ घेऊनच ही नोकरी धरली होती. माणूस सरळ. पण कुलपं बघून त्यानं आपली एक सोय काढली. पार्सल कुणाच्याही नावचं असो, गाडी ओट्यापाशी थांबायची. सोसायटीचं जुनं शाईचं पॅड निघायचं. कडूबाई विचारायची, "कुणाच्या घरचं हाय रं?" नाव कळलं की त्या नावापुढं अंगठा उठवायची, लंगडत जाऊन त्या घराचं कुलूप काढायची, पार्सल फळीवर ठेवायची आणि कुलूप लावून दोनदा ओढून बघायची. आता ह्यात चोरी कुठं आली सांगा! एक टाचणी कधी हरवली नाही. परगावी गेलेल्याचं शेजाऱ्यानं राखायचं, ही इथली रीतच. बंकटनं ती कागदावर आणली, तिथं घोळ झाला.

बीडच्या मोठ्या ऑफिसातून भगवानराव तपासणीला आले. कमी बोलणारा माणूस. सह्यांचे कागद चाळता चाळता त्यांचं बोट एका ठशावर थांबलं. ठशात मधोमध आडवी पांढरी रेघ. पुढच्या पानावर तीच. त्याच्या पुढच्यावरही तीच. नऊ नावं, त्यातले चार बाप्ये, आणि रेघ एकच. वीस वर्षांमागं कडूबाईच्या अंगठ्यावर कोयता बसला होता, त्याची ती खूण.

"धोंडीरामाचा आणि सरस्वतीबाईचा अंगठा एकच?" भगवानरावांनी विचारलं.

"साहेब, समदी उसाला गेलेत. पण ज्याचं त्याच्या घरात पोचलंय, लई जपून."

"पोचलं असेल. उद्या एखादं नाही पोचलं, तर कुणाचा कागद पुढं करू?"

भगवानरावांनी नियम सांगितला. ज्याचं नाव त्याचीच सही, तीही ओळखपत्र बघून. नाहीतर त्याच्या फोनवर आलेला आकडा त्यानं सांगायचा. "आणि ही रेघ मला पुन्हा दिसली," ते म्हणाले, "तर गाडीची किल्ली ह्या टेबलावर ठेवायची."

नोकरी गेली तर कोयता, दुसरं होतंच काय? त्या दिवसापासून बंकट नाकासमोर चालायला लागला. कुलूप दिसलं की पार्सल परत. ओट्यापाशी गाडी थांबेना. कडूबाई लांबूनच ओरडायची, "कावून थांबत न्हाईस रं?" तो हात हलवून निघून जायचा.

आणि पौषात कडूबाईच्याच नावचं पार्सल आलं. तिच्या लेकानं, सटवानं, कारखान्याच्या गावाहून धाडलेलं. फोनचा नंबर सटवाचा, आणि फोन बंद. तिचं आधार कार्डही सटवानंच नेलेलं, तिकडं रेशन मिळावं म्हणून.

"मावशी, कार्ड दाखवा, न्हाईतर आकडा सांगा."

"कडूबाई कोन हाय, ते तुला म्या सांगू? मेल्या, तुजी नाळ म्या पुरली!"

"मला ठावं हाय. कागदाला ठावं न्हाई."

"मंग घे की अंगठा. आज तर माज्याच नावचं हाय."

बंकटनं तो अंगठा बघितला, ती रेघ बघितली आणि पार्सल गाडीत ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या फेरीलाही तेच झालं. सटवाचा फोन काही लागेना.

तिसरी फेरी शेवटची. आज दिलं नाही तर पार्सल परत कारखान्याच्या गावाला. त्या दिवशी कडूबाई ओरडली नाही. पाय पसरून गुडघे दाबत बसली होती.

"दुसऱ्याचं राखलं, त्याचा गुन्हा झाला म्हनं," ती म्हणाली. "आन आता माजं मला मिळंना. ने बाबा परत."

बंकटला स्वतःची लाज वाटली. त्यानं पॅड काढलं. तिचा अंगठा तिच्याच नावापुढं उठवून घेतला आणि खाली लिहिलं, 'मी हिला ओळखतो,' आणि सही केली.

चौथ्या दिवशी भगवानराव शिरूरला आले. कागद टेबलावर होता.

"साहेब, ह्या बारीला खरा हाय."

"असेल." ते चिडले नव्हते. "पण नऊदा खोटा उठलेला अंगठा दहाव्यांदा खरा कशावरून? तुझ्या सहीवरून? बंकट, ती तर त्या नऊच्या नऊ पानांवर खाली आहे."

बंकटनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

सटवाच्या ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोची एक जोडी कमी पडत होती. आठवड्याच्या आत मुकादमाची जीप वाडीत आली. गीताबाईनं घराला कुलूप घातलं आणि नवऱ्याशी एक शब्द न बोलता जीपमध्ये जाऊन बसली. बंकट किल्ली द्यायला ओट्याकडं गेला, तर कडूबाई आपणहून उठून उभी राहिली. दोन्ही गुडघ्यांना नवे पट्टे होते, पार्सलात आलेले.

"सटवाला सांग, पट्टे नीट बसले," ती म्हणाली. मग किल्ली घेताना थबकली. "आन तुज्या नावचं काई आलं तर रं?"

"घिऊ नका, मावशी. अंगठा तर बिलकुल दिऊ नका. सांगा, बंकट घरी न्हाई."

कडूबाईनं किल्ली जुडग्यात ओवली. जीप हलायच्या आत ती त्याच्या दारापाशी गेली आणि कुलूप दोनदा ओढून बघितलं.