चुंबकाला चिकटलेली काडतुसे

आमच्या क्लबाच्या नेमबाजीच्या मैदानावर सुरक्षेची जबाबदारी मी गेल्या वसंतात स्वीकारली. माझा व्यवसाय वेल्डिंगचा व शिक्षण आठवीपर्यंतचे. तथापि पोलादाचा स्वभाव मी हातांनी शिकलेला आहे. पदभार घेताच निशाण म्हणून टांगलेल्या साध्या लोखंडाच्या जुन्या प्लेटा मी उतरवून टाकल्या. त्यांवर खळगे पडले होते, आणि खळग्यात शिरलेली गोळी आल्या वाटेने परत फिरू शकते. सपाट व कठीण पृष्ठावर तीच गोळी चुरा होऊन बाजूंना उडते. म्हणून बिलिंग्ज शहराहून कठीण केलेल्या पोलादाच्या प्लेटा आणल्या. त्या गॅसच्या ज्योतीने कापू दिल्या नाहीत, कारण ज्योतीच्या उष्णतेने कडा मऊ पडतात. साखळ्यांना त्या अशा टांगल्या, की वरची कड किंचित पुढे झुकावी आणि चुरा जमिनीत जावा. रायफलीसाठी शंभर वारांच्या आत एकही प्लेट ठेवली नाही. शिवाय फाटकापाशी टेबल मांडून त्यावर एक लोहचुंबक ठेवला. प्रत्येकाने आपले काडतूस त्याला लावून दाखवावे. गोळी चिकटली, तर ती पोलादावर झाडायची नाही, असा नियम केला.

या नियमावर कोणी रुसले नाही. सप्टेंबरातील वार्षिक स्पर्धेला ऑर्व्हिल ट्वेट आले, तोपर्यंत.

ऑर्व्हिल ट्वेट यांचे वय एक्याऐंशी. ज्या टेकडीच्या पायथ्याशी आमचे मैदान आहे, ती त्यांच्या गुरांच्या रानाचा भाग आहे. दर पाच वर्षांनी याच दिवशी मैदानाच्या जागेचा करार ट्रकच्या बॉनेटवर ठेवून ते सही करीत. त्या वर्षी मुदत संपत होती, आणि डेन्व्हरचा एक धनिक टेकडीवर बंगला बांधण्याच्या इच्छेने दोनदा त्यांच्याकडे येऊन गेला होता. सही झाली नाही, तर हिवाळ्याआधी क्लब मोडणार, हे सर्वांस ठाऊक होते.

त्यांनी टेबलावर एक गंजका डबा ठेवला.

"लाव तुझं ते खेळणं," ते म्हणाले.

मी चुंबक खाली आणताच तीन काडतुसे एकदम वर आली. गोळ्यांची टोके काळी होती.

"कुठली ही, ऑर्व्हिल?"

"भावाच्या कोठारातली. लष्कराचा माल. तुझ्या जन्माआधीचा आहे, पण अजून एकही बार फुसका निघाला नाही. तुझ्याबद्दल तसं म्हणता येईल का, माहीत नाही."

"यांच्या पोटात पोलाद आहे. चिलखत फोडायला केलेल्या गोळ्या आहेत या. प्लेटला भोक पडेल, नाहीतर खळगा."

"प्लेट कुणाची?"

"क्लबाची."

"आणि टेकडी?"

रांगेत मागे कोणीतरी हसले.

"टेकडी तुमचीच," मी म्हणालो. "डोळे मात्र ज्याचे त्याचे आहेत. खळगा तुम्ही पाडाल आणि चुरा पुढच्याच्या तोंडावर येईल."

क्लबाचा अध्यक्ष लोवेल प्रॉक्टर याने मला दंडाला धरून बाजूला नेले.

"दहा बार, मर्ल. दहाच. नंतर ती प्लेट उतरव, मी नवी आणून देतो."

"आणि त्या दहांतलाच एखादा परत आला तर?"

"मग माझी काडतुसं देतो त्यांना."

"तू घरी भरलेली? दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालू नये, ही पाटी तूच रंगवलीस."

"तू फार पुस्तकी झालायस बघ."

"कागदाच्या निशाणावर झाडू देतो की. मागं चाळलेल्या मातीचा बांध आहे, तिथं कुठलीही गोळी चालते."

यावर लोवेलचा चेहरा पडला.

"कागदावर नको."

"का?"

त्याने इकडेतिकडे पाहिले. "त्यांची एकही गोळी लागत नाही, मर्ल. चार वर्षं झाली. प्लेट मी वाजवतो."

मग त्याने जे सांगितले ते असे. ऑर्व्हिल यांची दृष्टी बरीच गेलेली आहे. पोलाद वाजते म्हणून त्यांना त्याची आवड. त्यांनी बार काढला, की रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसलेला लोवेल त्याच क्षणी त्याच प्लेटवर गोळी झाडी. कानांवर आवाज रोखणारी झापडे असल्यामुळे दोन बार एकच भासत. दहापैकी आठ वेळा प्लेट वाजे, गुण लिहिणारी डॉरीन आठ लिही, आणि ऑर्व्हिल खुशीत घरी जात.

"वाईट काय केलं?" लोवेल म्हणाला. "म्हातारा खूश, आपण खूश."

"न सांगता दोघं एका प्लेटवर झाडता, हेसुद्धा मी बंद केलं असतं."

"मग सहीवर पाणी सोड. आणि हे तूच सगळ्यांना सांग, मी नाही सांगणार."

क्लबातील साठ माणसांची मला आठवण झाली, आणि माझ्या हट्टापायी त्यांचे मैदान जाईल, या विचाराने मला खरोखर भय वाटले. मात्र चुंबक टेबलावर मीच ठेवला होता. जमीनमालकासाठी तो बाजूला सारला, तर उद्या तो कोणाला दाखवणार?

मी ऑर्व्हिल यांच्याकडे परत गेलो व कागदाचे सांगितले.

"कागदावरचं मला दिसत नाही, पोरा. पोलाद निदान सांगतं तरी."

"मी दुर्बिणीतून बघून सांगतो."

"गोड करून सांगशील."

"नाही सांगणार."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने काही वेळ मान वळवून ठेवली. मग ते बाकावर बसले.

पहिला बार. "नाही," मी म्हणालो. "डावीकडं, मातीत."

दुसरा. "नाही."

चौथा कागदाच्या खालच्या कोपऱ्याला लागला, तसे मी सांगितले. नववा कडेला लागला. उरलेले आठही बांधात गेले, आणि प्रत्येक वेळी मी तो एकच शब्द उच्चारला.

ऑर्व्हिल यांनी बंदूक उघडून रिकामी केली आणि टेबलावर ठेवली.

"गेल्या साली दोनशे वारांवर आठ होते. आज शंभरावर दोन." त्यांनी झापडे काढली. "कोण वाजवत होतं?"

लोवेलने टोपी काढली.

"मी, ऑर्व्हिल."

"किती सालं?"

"चार. तुमचं मन मोडू नये म्हणून..."

"त्या आठांच्या भरवशावर मी गेल्या नोव्हेंबरात शिकारीला गेलो. झुडपाआड काहीतरी हललं. मला वाटलं, हरीण. चापावर बोट होतं माझं, लोवेल. तेवढ्यात जावई शिंकला. शिकाऱ्यांचं भडक नारिंगी जाकीट घालून चाळीस वारांवर उभा होता. धुकं होतं, असं मी स्वतःला समजावलं. म्हटलं, दोनशे वारांवर आठ मारणारा माणूस आंधळा कसा असेल?"

ऑर्व्हिल बाकावरून उठले.

"तुम्हाला जमीन पाहिजे होती ना? मग सरळ मागायची. डॉरीन, तो करार वाच."

डॉरीनने वाचला. 'पाच वर्षे' हे शब्द त्यांनी खोडायला लावले व त्या जागी 'एक वर्ष' लिहायला सांगितले. तिने बोट ठेवून दाखविले तेथे त्यांनी सही केली.

"एक वर्ष. पुढचं पुढच्या सप्टेंबरात बघू. लोवेल, या हिवाळ्यात माझ्याकडं कॉफीला येऊ नकोस."

"बरं."

"डबा ठेवून घे, मर्ल. बंदूकसुद्धा तुझ्याच गाडीत ठेव. जावयाला दे."

ते ट्रककडे गेले. चालकाच्या दाराला त्यांनी हात लावला आणि तसेच उभे राहिले. त्यानंतर बॉनेटला धरून वळसा घालीत ते दुसऱ्या बाजूस आले व किल्ली माझ्यापुढे धरली.

"घरी सोड मला."

"मला इथून हलता येत नाही, ऑर्व्हिल. अजून अकरा जण झाडायचे राहिलेत."

"मग तुझं काम कर. मी बसतो."

मी किल्ली खिशात टाकली. शेवटच्या माणसाची बंदूक रिकामी असल्याची खात्री करून मी गोळीबार चालू असल्याची खूण असलेला लाल झेंडा उतरविला, तोपर्यंत दुपार सरली होती. तेवढा सगळा वेळ ऑर्व्हिल ट्रकची काच खाली करून बसले होते, आणि प्रत्येक वेळी प्लेट वाजली की कोणाची, म्हणून डॉरीनला विचारीत होते.