भट्टीच्या भिंतीचा मारुती

अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास इतवारीतल्या आमच्या बोळात मार्तंडची देशी दारूची भट्टी, म्हणजे परवान्याचं दुकान, होती आणि तिला एकच रोग होता. पिणारा बाहेर पडला की बाजूच्या भिंतीवर मोकळा व्हायचा. शेजारी माझं भांड्यांचं दुकान, म्हणजे वास मला फुकट. मार्तंडने पाट्या लावल्या, त्यावर शिव्या लिहिल्या. पण प्यालेला माणूस वाचतो कशाला?

शेवटी मार्तंडची बायको प्रयागबाई म्हणाली, "भिंतीपाशी एक गोटा ठेवा अन् शेंदूर फासा. मंग पाहू कोण मुतते ते."

काय सांगू, त्याच संध्याकाळी भिंत कोरडी! आनंदाच्या भरात मीच पहिला नारळ फोडला. पुढे मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. पिणारे आधी पाया पडून मग आत जाऊ लागले. कोणी घंटा बांधली, कोणी वर टिन टाकलं. शनिवारी तेल वाहायला बायकांची रांग लागू लागली.

मग दारूबंदी खात्याचे साहेब दारूच्या परवान्यासाठी पाहणीला आले. हो, खात्याचं नाव तेच आणि काम हे. साहेबांनी घंटा पाहिली. "देवळाला लागून भट्टी चालत नाही. परवाना वाढवून मिळणार नाही."

"साहेब, हा देव मीच ठेवला ना! लोकं मुतू नये म्हणून."

"मग उचला."

मार्तंडच्या घरात दुसरी कमाई नव्हती. त्याने बाह्या सरसावून गोट्याला हात घातला, तोच आत बसलेले सगळे पिणारे हातात ग्लास घेऊन बाहेर आले. सर्वांत पुढे गोविंदा हमाल, भट्टीचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक.

"खबरदार मार्तंडभाऊ! देवाले हात लावशीन तं हात तोडीन."

"अबे, भट्टी बंद होईन ना!"

"होऊ दे. देवापेक्षा भट्टी मोठी हाये का?" असं म्हणून त्याने ग्लासातली उरलेली संपवली.

भट्टीला सील लागलं. मार्तंड सगळ्यांसमोर रडला आणि मला त्या भक्तमंडळींचा असा संताप आला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि मार्तंड माझ्या दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसलो होतो. गोविंदा दुसरीकडून पिऊन झुलत आला. मारुतीला हात जोडले, घंटा वाजवली, आणि भट्टीच्या बंद दारापाशी जाऊन धोतर वर केलं.

"अबे गोविंदा, काय करून राहिला?" मार्तंड ओरडला.

गोविंदाने मान वळवली. "मंग कुठं करू गा? तिकडे देव हाये."