पद्माबाईचा पाय

पद्माबाईच्या डाव्या चपलेची टाच अजून नवी होती. टाचेवरचा छाप बोट फिरवलं तरी हाताला लागायचा. पण अंगठ्याखालची कड पार झिजून भोक पडलं होतं. उजवी मात्र टाचेकडून झिजलेली, चारचौघांची झिजते तशी.

दिवाळीतच तिच्या हे ध्यानात आलं होतं. तेव्हापासून ती चपला दारात न काढता आत पोत्यांच्या आड ठेवायची.

चाल मात्र पोत्याआड ठेवता येत नव्हती. डावं पाऊल घोट्यातून वर उचलतच नव्हतं. बोटं जमिनीला घासू नयेत म्हणून ती गुडघा उंच घ्यायची आणि पाऊल थपकन खाली पडायचं. त्या चालीला घरात जो तो आपापला शब्द लावायचा. सासू गोजरबाई म्हणायची, "रेंगू नको बाई, ऊन डोक्यावर आलं." नवरा भागवत विचारायचा, "काहून खुरडून राहिलीस? काटा मोडला का?" धाकटी जाऊ प्रियंका खिदळायची, "आक्का तर नवरीवानी ठुमकून राहिल्या!"

पद्माबाई सगळ्यांना 'व्हय' म्हणायची. रेंगणं आळसाचं, खुरडणं काट्याचं, ठुमकणं नखऱ्याचं. त्यातलं काहीही चाललं असतं. फक्त 'फरफटत' हा शब्द कोणी काढला की ती हातातलं काम टाकून आत जायची.

तिच्या आईची मावशी फरफटत चालायची. तिला महारोग झाला म्हणून घरच्यांनी मळ्यातल्या खोपीत ठेवलं होतं. भाकरी बांधावर ठेवून माणसं मागं सरायची. मावशी पाय ओढत बांधापर्यंत पोचेस्तोवर भाकरीला मुंग्या लागलेल्या असायच्या.

पद्माबाईच्या डाव्या पोटरीवर फिकट डाग होता. तिथं सुई टोचली तरी कळत नव्हतं. पुढं तळव्यालाही कळेनासं झालं होतं. समोरच राहणारी, आरोग्य खात्याची आशाताई कमल दरसाल घरोघर विचारत यायची, "अंगावर न दुखणारा डाग हाय का कोणाच्या? गोळ्या फुकट हायत, लवकर आलं तर बरं होतं." पद्माबाईनं गेल्या दोन्ही साली 'न्हाई' सांगितलं. हळद निघू दे, मग सांगू. दिवाळी होऊ दे, मग सांगू. आता तर आखाडा बाळापूरचे पाहुणे रविवारी राजनंदिनीला बघायला येणार होते. लेकीचं जमू दे, मग सांगू.

त्या दिवशी घराजवळच्या खळ्यावर हळद शिजत होती. वाफेच्या मोठ्या कुकरमधून काढलेली हळद ताडपत्रीवर ओतली की ढीग पसरावा लागतो. हळदीत चपला घालून कोणी शिरत नाही, लक्ष्मी ती. म्हणून बाया वाफ मरेपर्यंत थांबायच्या. गेल्या साली पद्माबाई सगळ्यांच्या आधी ढिगात शिरली, तेव्हा प्रियंका ओरडली होती, "आक्काचे पाय लोखंडाचे!" ते ऐकून पद्माबाईला बरं वाटलं होतं. लोखंडाला कोणी डाग विचारत नाही. तेव्हापासून खळ्यावर रीतच पडली. पद्माबाई शिरली म्हणजे हळद निवली.

यंदा ती भीत भीत पुढं झाली. पायाचा भरवसा नव्हता म्हणून हाताची उलटी बाजू ढिगाला लावली. वरची हळद कोमट लागली. तिनं डावं पाऊल टाकलं. ते घोट्यापर्यंत रुतलं. काही लागलं नाही. पण खाली पाहिलं तर घोट्याभोवतून वाफ निघत होती.

'थांबा' हा शब्द तिच्या जिभेवर आला. पण थांबा म्हटलं की लगेच कोणीतरी विचारणार, मग तुला काहून भाजत न्हाई? ती क्षणभर घुटमळली.

"आई शिरली! चला, निवली!" म्हणत राजनंदिनीनं मागून ढिगात उडी घेतली.

किंकाळी ऐकून भागवत कुकर सोडून धावला. लेकीला उचलून त्यानं हौदाच्या कडेला बसवलं आणि तिच्या पायांवर पाणी ओतू लागला. तळवे लालबुंद झाले होते, बोटांच्या बेचक्यांत फोड उठत होते. आरडाओरडा ऐकून कमल पिशवी घेऊन आली.

"आता रविवारचं कसं?" गोजरबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "पोरगी लंगडत पुढं येणार का?"

"रविवार मरू द्या, आजी," कमल म्हणाली. "अजून पाणी घाला, भागवतभाऊ." मग तिनं मान वळवली. "ढिगात आधी कोण शिरलं?"

"पद्मा," भागवत म्हणाला. "पर तिचं काय, तिचे पाय लोखंडाचे."

कमल हसली नाही. "आक्का, पाय दाखवा."

पद्माबाईनं पाऊल लुगड्याखाली ओढलं. लुगड्याचा काठ ओला होऊन पावलाला चिकटला. तिनं खाली पाहिलं. काठावर पिवळट डाग पसरत होता, आणि तो हळदीचा नव्हता. फोड कधी आला, कधी फुटला, तिला कळलं नव्हतं. बांधावरची भाकरी तिच्या डोळ्यांपुढं आली.

"आई," राजनंदिनी हुंदके देत म्हणाली, "तुला खरंच लागलं न्हाई? मला वाटलं निवली."

पद्माबाईनं लुगडं बाजूला केलं आणि पाऊल सगळ्यांच्या समोर पुढं ठेवलं.

"न्हाई लागलं. मी रेंगत न्हाई अन् खुरडत बी न्हाई. पाऊल मेलंय माझं. पोटरीवर डाग हाय, दोन साल झाले. कमल, तुला खोटं सांगितलं. पाहुण्यांना काय सांगायचं ते सांगा. कमल, लेकीसंगं मला बी आजच दवाखान्यात ने."