मेट्रनबाईंची सून
सुनेने परदेशातल्या विद्यापीठांत अर्ज केलेत हे घरात कळलं, तेच मुळी सगळीकडून नकार येऊन गेल्यावर. कळलं तेही सासूबाईंमुळे. रुग्णालयात मेट्रन म्हणून उभी हयात घालवलेल्या त्या बाईंच्या नजरेतून काही सुटायचं नाही. सून एका आठवड्यात दुसऱ्यांदा गॅस चालू ठेवून कामाला निघाली, तेव्हा त्यांनी तिला दारातच अडवलं.

"काय झालंय?"

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणणारे पेशंट मी जन्मभर पाहिलेत. बस इथे आणि बोल."

मग तिने सांगितलं. ती शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट होती. गावभरच्या नळांचे नमुने बाटल्यांत भरून आणायचे, तपासायचे, हे तिचं काम. पण तिचा जीव अडकला होता तो पाइपांच्या आत धरणाऱ्या बुळबुळीत थरात. केंद्रातून शुद्ध निघालेलं पाणी वाटेत कुठे आणि कसं बिघडतं, याचं उत्तर त्या थरात आहे असं तिला वाटायचं. दुरुस्तीत कापून टाकलेले पाइपांचे तुकडे ती घरी आणून गॅलरीत मांडायची आणि सासूबाई ते भंगारवाल्याला देण्याची धमकी द्यायच्या. या विषयावरचं शिक्षण परदेशात होतं आणि तिथली फी ऐकूनच घाम फुटावा अशी. म्हणून तिने सगळीकडे पूर्ण आर्थिक मदत मागून अर्ज केले होते. बहुतेकांनी परस्पर नाही म्हटलं. एकांनी मुलाखतीला बोलावलं, तिथे ती गडबडली.

"अभ्यासाचं विचारलं तोवर सगळं झकास चाललं होतं. पैशांचा विषय निघाला आणि माझी बोबडी वळली," ती म्हणाली.

"मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हटलंही असतं," सासूबाईंनी कबूल केलं. "पण मग भांडायचं होतंस की माझ्याशी! बरं, पुढचे अर्ज कधी?"

संध्याकाळी नवरा चष्म्याच्या दुकानातून घरी आला. सगळं ऐकल्यावर तो बराच वेळ स्वतःचाच चष्मा पुसत बसला.

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं. रागावलास?"

"जाण्याबद्दल नाही. मला शेवटी कळलं, त्याबद्दल थोडा." मग आईकडे बघून म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं मी आईच्या तावडीत."

"तेवढंच कपडे धुवायला शिकशील," आई म्हणाली.

पुढच्या हंगामाचे अर्ज गेले आणि सासूबाईंनी तालीम सुरू केली. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला त्या, समोर सून. गंमत म्हणून नव्हे. त्यांनी असंख्य नर्सेसच्या मुलाखती घेतल्या होत्या आणि रडवलंही होतं बऱ्याच जणींना.

"पाइपातल्या घाणीशी माझा काय संबंध?" हा पहिला प्रश्न.

सुनेने शास्त्रीय नावांची फैर झाडली.

"झोप आली मला. परत सांग."

चौथ्यांदा सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. "आता जरा कळलं. पैसे किती लागतील?"

"खरं तर… माफ करा, पण आमची परिस्थिती…"

सासूबाईंचा हात टेबलावर आपटला. "माफी कसली मागतेस? माझ्या वॉर्डात सलाइन लागायचं त्याला लागायचं, तो काय माफी मागून लावून घ्यायचा? किती लागतात ते सांगायचं आणि गप्प बसायचं."

"गप्प बसणं फार अवघड जातं, आई."

"म्हणून तर शिकवतेय."

मुलाखतीचं बोलावणं आलं ते पहाटेच्या वेळेचं. नवऱ्याने दारावरची बेल काढून ठेवली. सासूबाई स्वयंपाकघरात दाराला कान लावून उभ्या. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिका होत्या. सुनेने गॅलरीतला एक गंजका तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला, आत बॅटरी मारून थर दाखवला, तशा त्या बाई खुर्चीतून पुढेच सरकल्या. मग दोघी मुलाखत आहे हेच विसरून गेल्या. शेवटी पैशांचा प्रश्न आला. सुनेने फी, राहणं आणि प्रवास मिळून रक्कम सांगितली आणि ओठ मिटून घेतले. ती शांतता तिला संपता संपेना. पलीकडे बाईंनी आकडा लिहून घेतला आणि म्हणाल्या, "ठीक. स्पष्ट सांगितलंत ते बरं केलंत."

प्रवेश मिळाला. मदत मात्र निम्मीच होती.

घरात एकच गडबड उडाली. नवरा म्हणाला, कर्ज काढू. सासूबाई कपाट उघडून बसल्या. "माझा फंड मोडते. मी काय वर घेऊन जाणार आहे?"

"नाही," सून म्हणाली. "तुमच्या म्हातारपणाचे पैसे मी घेणार नाही आणि कर्जही नको. मी त्यांना फोन करते."

"फोन करून काय सांगणार?"

"निम्म्यावर येणं जमणार नाही म्हणून."

आता मेट्रनबाईंचाच धीर सुटला. "अगं, आहे तेही हातचं जायचं! चिडले बिडले तर?"

"किती लागतात ते सांगायचं आणि गप्प बसायचं, असं कोण म्हणालं होतं?"

"ते मी तालमीपुरतं म्हटलं होतं!"

पण सुनेने सासूबाईंच्या समोरच फोन लावला. विद्यापीठाच्या मदत विभागातल्या माणसाला तिने सांगितलं, की मला यायचं आहे, मनापासून यायचं आहे. पण पूर्ण मदत मिळाली तरच येता येईल. तिचा आवाज कुठेही कापला नाही. तो म्हणाला, फेरविचाराची विनंती लेखी पाठवा, आश्वासन देता येणार नाही. तिने त्याच दिवशी पाठवली.

मग वाट बघणं. सासूबाई वरवर दरारा सांभाळून होत्या, पण सून घरात शिरली की आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायच्या.

मेल आला तेव्हा ती केंद्रातल्या टाकीच्या कठड्याशी बाटल्यांचा क्रेट घेऊन उभी होती. प्राध्यापिकाबाईंनी आपल्या प्रयोगशाळेत तिला सहायक म्हणून घेतलं होतं. उरलेला खर्च त्यातून भागणार होता. पूर्ण. तिने पुन्हा वाचलं. क्रेट खाली ठेवला आणि एवढ्या मोठ्याने ओरडली, की पंपाजवळचा ऑपरेटर कोणी टाकीत पडलं समजून दोर घेऊन धावत आला.

तिने नवऱ्याला कळवलं, मग घरी फोन केला. "आई, पूर्ण मिळाली."

 पलीकडून रिसीव्हर कशावर तरी आदळल्याचा आवाज, आणि लांबून सासूबाईंची हाक, वरच्या मजल्यावरच्यांना, खालच्या मजल्यावरच्यांना, जिन्यात असेल त्याला.

संध्याकाळी ती परतली तेव्हा इमारतीच्या फाटकाशी घोळका जमला होता. मधोमध सासूबाई. "निम्मी देत होते," त्या सांगत होत्या. "आम्ही म्हटलं, जमणार नाही!" नवरा मागे उभा राहून हसू दाबत होता.

सून दिसताच त्यांनी गर्दीतून वाट काढली. बाई कौतुकाच्या बाबतीत तशा आखडत्या हाताच्या. पण आज त्यांनी तिचं मनगट घट्ट पकडलं आणि कुस्ती जिंकलेल्या पैलवानाचा धरतात तसा तिचा हात उंच वर केला.

"बघत काय बसलात?" त्या गरजल्या. "टाळ्या वाजवा!"