एकाच दाराची कनात

आप्पारावाची रीत बघा. ज्या तोंडानं त्याच्या घराला दाणा दिला, त्याच तोंडात त्यानं गंजके खिळे भरून ठेवले. आज ते न्यायला आला, पण माझ्याकडं धड बघितलंसुद्धा नाही.

मित्रांनो, मी एक जुनी तिफण आहे. चारठाण्याच्या सुतारानं मला बाभळीतून घडवलं. माझ्या डोईवरचं चाडं, म्हणजे लाकडी वाटी, हे माझं तोंड. त्याच्या तळाला तीन भोकं. तिथून बी नळ्यांतून मातीत उतरतं. आप्पारावाची आई धुरपताबाई माझ्यामागं चालत पेरायची. भोक तुंबलं तर पट्टाच नापेर राहतो, म्हणून ती बोटांतून दाणे सावकाश सोडायची. "हिच्यावाणी तिफण गावात न्हाई," म्हणायची. नव्हतीच!

एका उन्हाळ्यात आप्पारावानं रानात तंबूचा सिनेमा आणला. फुकटे शिरू नयेत म्हणून चहूकडं कापडाची कनात अन् दार एकच. धुरपताबाईनं त्याला माझ्यापाशी बोलावलं. दोन भोकांत चिंध्या कोंबल्या, चाड्यात ओंजळभर हरभरा ओतून तळहातानं दाबला. एक दाणा खाली उतरला नाही.

"बघ आप्पा, समदे संगंच निघायलेत. निघाला का एक तरी?"

"माय, माणसं काय हरभरा हाईत का?" आप्पाराव खदखदून हसला.

पहिल्याच खेळाला कुणीतरी "साप!" म्हणून ओरडलं. सगळे दाराकडं धावले अन् दार तुंबलं. आप्पारावाची लहानगी लेक कोकिळा आतच होती. धुरपताबाईनं विळ्यानं मागची कनात फाडली, तेव्हा माणसं सुटली. कोकिळाही सुटली, पण तुडवलेला हात वाकडाच राहिला. हे सारं धुरपताबाई मला पुसता पुसता सांगायची.

मग ट्रॅक्टर आला. मग धुरपताबाई गेली. गोठ्याच्या कोपऱ्यात माझ्याशी बोलणारं कोणी उरलं नाही. पेरणीचे दिवस आले की रान ओलं झाल्याचा वास तेवढा येतो.

उद्या कोकिळेचं लग्न. मांडवाला त्याच खिळ्यांनी कनात लावायलाय आप्पाराव. आगंतुक जेवायला शिरू नयेत म्हणून दार पुन्हा एकच!

मित्रांनो, जुन्या वस्तूला पुसलं नाही तरी चालेल. तिनं एकदा दाखवलेलं विसरू नका. आज खिळे काढल्यानं माझं तोंड मोकळं झालंय, तर बोलूनच टाकते:

"आप्पा, तवा तू खरं बोललास. माणसं हरभरा न्हाईत. दाणा दाण्याला तुडवत न्हाई. म्हणून माणसाला दारं जास्ती लागतात."