बर्नीच्या माडीवरचा सनबेड

बर्नी कल्शॉने ड्रेस अंगात चढवला, आरशात एकदा समोरून पाहिलं, एकदा बाजूने पाहिलं, आणि वरून स्वेटर घालून टाकला. जर्दाळू रंगाचा, बिनबाह्यांचा, तिला मनापासून आवडलेला ड्रेस होता तो. धाकटी बहीण कोलेट पाच आठवड्यांनी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर समुद्रकाठच्या हॉटेलात लग्न करणार होती आणि थोरली करवली बर्नीच होती. टेनेरिफच्या उन्हात स्वेटर घालून मिरवणारी करवली कोलेटला चालणार नव्हती. तिने फोनवर तसं सांगूनही टाकलं होतं.

"हात बघ माझे," बर्नी नवऱ्याला म्हणाली. "फोटोत फक्त ड्रेस दिसेल. हातांच्या जागी नुसता उजेड."

गेड घरं रंगवायचं काम करायचा. त्याने हातांकडे धंदेवाईक नजरेने पाहिलं. "चांगला पांढरा आहे. डाग नाही, भेग नाही. हात न लावलेलाच बरा."

नवऱ्याची थट्टा चांगली होती, पण बर्नीला ती लागली. शाळेत असताना पोरं तिला 'दुधाची बाटली' म्हणायची, आणि त्रेचाळिसाव्या वर्षीही पोहण्याच्या तलावाजवळ गेलं की तिला तेच ऐकू यायचं. इंग्लंडातल्या बर्कनहेडसारख्या गावात, जिथे बायका दूध आणायला जातानासुद्धा केसांत रोलर्स आणि अंगावर उन्हात रापल्यासारखा रंग घेऊन निघतात, तिथे असं पांढरंफटक असणं म्हणजे थंडी वाजून आल्यासारखं दिसणं. तिने त्याच दुपारी फोन फिरवला आणि महिन्याभरासाठी एक सनबेड, म्हणजे आत झोपून दिव्यांखाली कातडी रापवायची पेटी, भाड्याने मागवला.

दुसऱ्या दिवशी दोन माणसांनी तो जिन्यावरून वर चढवला. वळणावर तो अर्धा तास अडकला, कठड्याचा एक दांडा मोडला, आणि शेवटी झोपायच्या खोलीत गेडच्या बाजूला, त्याच्या मोज्यांच्या कपाटाला खेटून तो स्थानापन्न झाला. वर झाकण, खाली काच, आत निळ्या नळ्या. बर्नी डोळ्यांवर इवलासा काळा चष्मा लावून आत पहुडली, आणि बाहेर आली तेव्हा अंगाला करपल्यासारखा वास येत होता. पण तिला तो आवडला. सुट्टीचा वास, म्हणाली.

गल्लीत बातमी लपत नाही. शेजारची पॉलीन लिंबाचा केक घेऊन आली. तिच्यापाठोपाठ तिची नणंद आली, मग कोपऱ्यावरच्या दोघी. भाडं कुणी द्यायचं नाही, काहीतरी गोड आणायचं, असा नियम आपोआप ठरला. बायका झगे घालून जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने बसायच्या, चहा प्यायच्या, वरून बर्नी ओरडायची, "पुढचीला पाठव गं!" गेडला मोजे हवे असले की त्याने खालून हाक मारायची आणि कुणीतरी जोडी फेकायची. पंधरा दिवस त्याला एकदाही एका रंगाचे दोन मोजे मिळाले नाहीत.

"मी याला पहिला हात म्हणते," बर्नी सगळ्यांना सांगायची. "भिंतीला कसा आधी पहिला हात मारतात? तसा इथेच थोडा रंग चढवून ठेवायचा. म्हणजे तिकडे उन्हात भाजायला होत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या गल्लीतच काय, त्या अख्ख्या किनाऱ्यावर स्पेनला निघालेली प्रत्येक बाई हेच म्हणते आणि खरं मानते. आणि बर्नीला खरंच बरं वाटत होतं, ते नाकारून चालणार नाही. ती कामाला होती त्या शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना कस्टर्ड वाढताना ती चक्क अर्ध्या बाह्यांत उभी राहिली. एका बाईंनी विचारलं, "कुठे जाऊन आलीस गं?" त्या एका वाक्यावर ती दिवसभर तरंगत होती.

ड्रेसचं काम विनी रिमरकडे होतं. विनीबाई अडुसष्ट वर्षांच्या. आयुष्यभर नववधूंचे झगे शिवलेल्या. गल्लीतली लहानथोर मंडळी त्यांना विनीआंटीच म्हणायची. बर्नीने आधी त्यांना बाह्या लावायला सांगितल्या होत्या. विनीआंटी टाचण्यांची डबी घेऊन वर आल्या, तेव्हा बर्नी ऐटीत म्हणाली, "आता बाह्या नकोत."

विनीआंटींनी सनबेडकडे पाहिलं, मग बर्नीच्या दंडाकडे, आणि स्वतःच्या ब्लाउजची दोन बटणं सोडून खांदा उघडा केला. खांद्यावर एक खळगा होता, चमच्याने आइस्क्रीम काढावं तसा.

"हे काय झालं?"

"हा पाहुणा आला होता आमच्याकडे," विनीआंटींनी सनबेडवर टिचकी मारली. "शहाऐंशी साली, याच गल्लीत. एक आठवडा माझ्या घरी, एक आठवडा समोरच्या जीनकडे. आम्हीपण अशाच जिन्यात बसायचो, अशाच खिदळायचो. वीस वर्षांनी माझा एक तीळ वाढायला लागला. कॅन्सर निघाला. वेळेवर कापला म्हणून आज तुझ्या घेराला टाचण्या लावतेय. जीनचा वेळेवर कापला नाही."

बर्नीने स्वतःचा खांदा चाचपला. मग म्हणाली, "पण मी एकच महिना तर घेतेय. आणि तिकडे जळू नये म्हणूनच तर हा पहिला हात."

"तू भिंत आहेस का गं?" विनीआंटी तोंडात टाचण्या धरून बोलत होत्या. "कातडी दुखावली की तिचा रंग बदलतो. तो रंग म्हणजेच इजा. शाळेत शंभर पोरांचे टोस्ट भाजतेस तू. एकदा करपवून ठेवला म्हणून टोस्ट दुसऱ्यांदा करपायचा राहतो का? तिकडे जाऊन सावलीत बस, टोपी घाल, क्रीम फास. रंगच हवा असेल तर बाटलीतला लाव. आठवड्याने धुऊन जातो आणि जाताना अंगाचा तुकडा नेत नाही."

"बाटलीतला रंग लावला की मी गाजरासारखी दिसते."

"गाजर जगतं, बाई."

बर्नी खळखळून हसली. विनीआंटीही हसल्या. बोलणं पटलं, पण मन मानेना, अशी तिची गत झाली. अजून दोनच आठवडे, तिने स्वतःला समजावलं. रात्री ती पुन्हा झाकणाखाली पहुडली.

पुढच्या गुरुवारी शाळेतला मोठा ओव्हन बंद पडला. पोरांना सँडविचं वाटली आणि बर्नी दुपारीच घरी आली. दारात ओर्लाचे बूट होते. ओर्ला तिची एकुलती एक लेक, पंधरा वर्षांची, या वेळी शाळेत असायला हवी होती. वरती सनबेडचा पंखा घरघरत होता, झाकण उघडं होतं, आत कुणी नव्हतं. बर्नीने न्हाणीघराचं दार ढकललं.

ओर्ला न्हाणीघरात गार फरशीवर पालथी पडली होती. पाठ आणि पाय उकडलेल्या कोळंबीसारखे लाल झाले होते, मांड्यांमागे फोड आले होते, आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं.

"चष्मा लावला नाहीस?"

"त्याने डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं राहतात."

"किती वेळ झोपलीस आत?"

"आपोआप बंद झाला. मग पुन्हा लावला. मग आणखी एकदा."

बर्नीने टॉवेल भिजवून तिच्या पाठीवर टाकला. सनबेडच्या दुकानात अठराच्या आतल्या पोरीला दारातूनच परत पाठवतात, पण घरात कोण वय विचारणार? "अगं, पण का? तुला काय गरज होती याची? इतकी सुंदर कातडी आहे तुझी!"

ओर्लाने मान वळवून आईकडे पाहिलं. "तुझ्यासारखीच आहे ना? मग?"

बर्नीने दुसरा टॉवेल नळाखाली धरला.

"बिचारीला माझेच पाय आले, असं तू सगळ्यांना सांगतेस. कोलेटमावशीला सांगितलंस, पॉलीनला सांगितलंस, माझ्या मैत्रिणींसमोर सांगितलंस. सगळे हसतात. फोटो काढताना तू माझ्या मागे लपतेस. मग मी कुणाच्या मागे लपू?"

वाचकहो, बर्नी ही काही वाईट आई नव्हती. पोरीच्या रंगाला तिने आयुष्यात एक वाकडा शब्द बोललेला नव्हता. बोलली ती कायम स्वतःलाच. पण पोरीला आपलेच हात, आपलेच पाय, आपलीच पांढरी पाठ मिळालेली असताना आपल्याला मारलेला प्रत्येक टोमणा तिच्याही अंगावर पडतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती तिथेच फरशीवर बसली आणि रडली. नंतर टॅक्सी बोलावून ओर्लाला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या नर्सने फोडांवर मलम लावलं, डोळे दोन दिवसांत बरे होतील म्हणून धीर दिला आणि बर्नीला असे चार शब्द सुनावले की तिची मान वर होईना.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला पॉलीन आणि नणंद केक घेऊन हजर झाल्या. बर्नी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दोन्ही बाजूंना हात टेकून बसली होती.

"दुकान बंद."

"म्हणजे? अगं, माझा रंग अजून अर्धाच चढलाय!" पॉलीन म्हणाली. "मी अशी अर्धी रंगवलेली फिरू?"

"तुझं झालं, आता आमचं बंद का?" नणंद फणकारली.

बर्नीने वाद घातला नाही. ती बाजूला सरकली. "वर ओर्ला पालथी झोपलीय. बघून या, मग बोलू."

पॉलीन वर गेली. मिनिटभराने खाली आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. केक तिने पायरीवर ठेवला, बर्नीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "उद्याच्या उद्या घालव ते धूड. मी उचलायला येते." दुसऱ्या दिवशी सनबेड गेला. जाताना कठड्याचा दुसरा दांडा मोडला. गेडला कपाट उघडता आलं आणि त्याने सगळे मोजे पलंगावर ओतून जोड्या लावल्या.

शनिवारी विनीआंटींनी सगळ्यांना आपल्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. अट एकच होती. विकत घेतला पण कधी घालायची हिंमत झाली नाही असा एकेक कपडा घेऊन यायचं. पॉलीनने लाल स्कर्ट आणला, नणंदेने पाठ उघडी असलेला काळा झगा आणला. कोपऱ्यात पॉलीन बाटलीतला रंग हातमोज्याने फासून देत होती. कसलीशी पैज हरलेल्या गेडचा उजवा पाय तेवढा रंगवून झाला आणि तो चार दिवस फुलपँटमध्ये फिरला.

बर्नीने जर्दाळू ड्रेस घातला. विनीआंटींनी काखेपाशी दोन बोटं घातली, कात्रीने शिवण उसवली, दोन कच्चे टाके घातले. बर्नीने आरशात पाहिलं. खांदे सरळ दिसत होते. मान लांब दिसत होती. अंगाचा रंग तोच होता, फिकट आणि आता जागोजागी उडालेला.

"हे कसं झालं?"

"काखेत काचत होता तो. म्हणून तू खांदे आवळून उभी राहायचीस," विनीआंटी म्हणाल्या. "चाळीस वर्षं शिवतेय मी. कपडा चुकतो आणि बाया दोष अंगाला देतात. अगं, कपड्याने तुला शोभायचं असतं. तू कपड्याला शोभायला गेलीस की कायमची कमीच पडशील."

ओर्ला कोचावर उशी टेकून अवघडून बसली होती. ती म्हणाली, "आणि टोमणे?"

मग त्याचाही नियम झाला. बर्नीने स्वतःच्या अंगाबद्दल वाकडा शब्द काढला की त्या रात्रीची भांडी तिने घासायची. पहिल्या आठवड्यात तिने पाच वेळा घासली. दुसऱ्या आठवड्यात एकदाच. जित्याची खोड मोडायला तेवढा वेळ लागायचाच, आणि घरातली भांडी तर कधी नव्हे इतकी चकचकीत झाली.

टेनेरिफला लग्न झालं. विनीआंटींनी पाठवलेल्या दोन भल्यामोठ्या टोप्या आणि क्रीमची बाटली घेऊन मायलेकी सावली शोधत बसल्या. बर्नी नुसत्या दंडांनिशी बहिणीमागून चालली. आधी थोडी चाचरत चालली, मग बँड वाजायला लागल्यावर विसरून गेली. ओर्लाची पाठ अजून दोन रंगांची होती, तरी तिने शाल घेतली नाही.

जेवणानंतर फोटोग्राफर आन्सेल्मो आपला संगणक घेऊन आला. पडद्यावर कोलेट मध्ये, आणि दोन्हीकडे मायलेकी. बर्नी पुढच्या ओळीत होती. उन्हात दोघींचे हात लख्ख पांढरे दिसत होते.

"या दोघींना थोडा सोनेरी रंग देतो," आन्सेल्मो म्हणाला. "एक बटण दाबायचं. तुमच्याकडच्या बायका नेहमी मागतात."

"दे ना," कोलेट म्हणाली. "छान दिसेल."

बर्नीच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. तीस वर्षांची सवय, ती काही बेटावर जाऊन बुडत नाही. तिने ओर्लाकडे पाहिलं. ओर्ला पडद्यावर वाकून आईचा चेहरा निरखत होती.

"नको," ओर्ला म्हणाली. "मग ती माझी आई वाटणार नाही."

आन्सेल्मोने बोट मागे घेतलं. बर्नीने पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच फोटोची मोठी प्रत मागितली.

बंधुभगिनींनो, कुणी गोरं व्हायला ट्यूब पिळतं, कुणी सावळं व्हायला दिव्याखाली भाजून घेतं. विकणाऱ्याला दोन्ही गिऱ्हाइकं सारखीच. रंग हवा असेल तर धुऊन जाणारा लावा, कपडा उसवून पुन्हा शिवा, उन्हात टोपी घाला, अंगावरचा तीळ बदलला तर डॉक्टरांना दाखवा. आणि आरशासमोर उभं राहून स्वतःला नावं ठेवण्याआधी एकदा मागे वळून बघा. तुमचंच नाक, तुमचाच रंग घेऊन आलेलं लेकरू दारात उभं राहून ऐकत असतं.